दगड तिरका येतो, मग विवर गोल कसं?

खाडीकाठी (ठाणे):
संकष्टीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चंद्रोदयाची वाट बघत बरीच मंडळी जमतात. मी तिथेच माझी सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडून ठेवतो. उपास सोडायची घाई असली तरी दोन मिनिटं डोळा लावायला कुणी नाही म्हणत नाही. या वेळी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "हे सगळे खड्डे दगड आपटून झाले म्हणता, तर मग सगळे गोल कसे? सगळे दगड काय बरोबर डोक्यावरूनच आले?"

प्रश्न बिनतोड आहे. याच प्रश्नाने १८९०च्या दशकात ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाला छळलं होतं. चंद्रावरची विवरं आघाताने झाली असं म्हणणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासकांपैकी तो एक. त्याने मातीचे गोळे मातीवर मारून पाहिले. तिरके मारले की खड्डे लांबट व्हायचे, आणि चंद्रावर तर लांबट खड्डे जवळपास नाहीतच. मग त्याने तोडगा काढला, की पृथ्वीभोवती एकेकाळी छोट्या चंद्रांचं कडं होतं आणि त्यातले तुकडे चंद्रावर बऱ्यापैकी सरळ येऊन पडले. हुशार माणूस, पण तोडगा ओढूनताणून आणलेला.

अडचण कोनाची नव्हतीच, वेगाची होती. हाताने मारलेला गोळा सेकंदाला काही मीटर जातो. चंद्रावर येणारा दगड सेकंदाला साधारण २० किलोमीटर. या वेगाला एक किलो दगडात २० कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे जवळजवळ ४८ किलो टीएनटी. स्वतःच्या वजनाच्या ४८ पट स्फोटकं! असा दगड जमिनीत शिरतो तो साधारण स्वतःच्या आकाराइतकाच, आणि तेवढ्यात त्याची वाफ झालेली असते. खडकातून ध्वनी सेकंदाला पाच-सहा किलोमीटरने जातो, त्यामुळे समोरच्या खडकाला बाजूला सरकायला सवडच मिळत नाही. धक्कालहर तयार होते, ती सगळीकडे सारखी पसरते, आणि खड्डा खणते ती लहर. दगड नव्हे. ॲरिझोनातलं बॅरिंजर विवर १.२ किलोमीटर रुंद आहे आणि ते करणारा लोखंडी तुकडा सुमारे ५० मीटरचा होता. खड्डा कर्त्यापेक्षा वीस-पंचवीस पट मोठा झाला, की कर्ता कुठल्या दिशेने आला होता ते खड्ड्याच्या कडेला कळायचं कसं?

मुलीला एवढं सांगेपर्यंत तिच्या आईने खाली बोलावलं. म्हणून इथे लिहितोय. भर घाला, खोडा, काहीही करा.

कोपरीकर:
छान धागा. पण आमच्या वेळी शाळेत ही ज्वालामुखीची मुखं असं शिकवलं होतं. मधोमध डोंगर असतो, तो ज्वालामुखीचाच ना? आणि लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणायचे. मग हे ठरलं कधी आणि कुणी ठरवलं? "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" असं नको, कसं ते सांगा.

सई_ऐरोली:
वाचनखूण साठवली. मी यंत्रवाली, खगोल माझा प्रांत नाही, पण कोनाची शक्यता काढून बघितली. येणाऱ्या दगडांच्या दिशेने चंद्र म्हणजे एक वर्तुळ. वर्तुळाच्या मध्याजवळ पडणारे सरळ आपटतात, कडेजवळचे घासून जातात. क्षेत्रफळाचा हिशेब केला की क्षितिजाशी थ कोनापेक्षा कमी कोनात आपटण्याची शक्यता साइन वर्ग थ निघते. ४५ अंशाला बरोबर निम्मी. म्हणजे निम्मे दगड ४५ अंशांपेक्षाही तिरके येतात! सरळ डोक्यावरून येणारे जवळजवळ कुणीच नाहीत. त्या मुलीचा संशय अगदी रास्त.

पण मग माझा प्रश्न. १५ अंशाला ही शक्यता ०.०६७ येते, शंभरात जवळपास सात. इतक्या आडव्या, घासत येणाऱ्या दगडाचं विवरही गोलच? तिथे तर उभ्या दिशेचा वेग फारच कमी उरत असेल. ५ अंशाला काढला तर २० किमीपैकी जेमतेम १.७.

भूगर्भ (खारघर):
कोपरीकर, तुमच्या प्रश्नाला जरा लांबण लावतो. कॉलेजात बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही.

गंमत अशी की चंद्राबद्दल बरोबर बोलणाऱ्या गिल्बर्टनेच ॲरिझोनातलं विवर पाहून ते वाफेच्या स्फोटाने झालं असा निर्वाळा दिला. १८९१ साली तो तिथे गेला तो दोन कसोट्या घेऊन. खाली लोखंडाचा मोठा गोळा पुरलेला असेल तर होकायंत्र हललं पाहिजे, आणि कडेवर साचलेला राडारोडा खड्ड्यापेक्षा जास्त भरला पाहिजे. दोन्ही कसोट्या नापास. त्याची शिस्त वाखाणण्यासारखी, फक्त गोळ्याची वाफ होऊन जाते हे त्याला ठाऊक नव्हतं. मग १९०३ साली डॅनियल बॅरिंजर हा खाणवाला आला. आघातावर त्याचा ठाम विश्वास, पण त्यालाही गोळा खालीच असणार असं वाटत होतं आणि त्याला तो विकायचा होता! वर्षानुवर्षं बोअर मारले. मध्ये काही नाही म्हटल्यावर गोळा तिरका आला असणार म्हणून दक्षिण कडेखाली मारले. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं की गोळा तुम्ही समजता त्यापेक्षा फारच लहान होता आणि बहुतेक उडून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॅरिंजर गेला. एका चुकीच्या अंदाजापायी एवढा पैसा जमिनीत घालणारा आणि तरीही मूळ मुद्द्यावर बरोबर असलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

निकाल लागला तो खनिजांवरून. १९६० साली यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना त्या विवरात कोएसाइट सापडलं. हे क्वार्ट्झचंच रूप, पण प्रचंड दाबाखाली बनणारं. शूमेकरने त्याआधी नेवाडातल्या अणुस्फोटांचे खड्डे मापले होते. उलटलेले थर, वर वळलेली कडा, सगळं तसंच. ज्वालामुखी उष्णता देतो, दाब देऊ शकत नाही. हा फरक लक्षात ठेवलात की पुरे.

लोणारला क्वार्ट्झ नाही, कारण खडक बेसाल्ट. तिथे मास्केलिनाइट सापडलं. म्हणजे फेल्डस्पार हे खनिज न वितळता, निव्वळ धक्क्याने काच झालेलं. कर्ट फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९७३ सालचा, सरोवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांवरचा. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर ज्या खडकात आहे तोच दख्खनचा बेसाल्ट तुमच्या पारसिकच्या डोंगरात आहे, माझ्या खिडकीसमोरच्या टेकडीत आहे. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना समुद्र म्हणतात, तेही बेसाल्टच. म्हणून चंद्राचे अभ्यासक बुलढाण्याला येतात.

मधल्या डोंगराचं उत्तर: छोट्या विवरात तो नसतोच. चंद्रावर साधारण १५ ते २० किलोमीटरच्या वर दिसायला लागतो, पृथ्वीवर गुरुत्व जास्त म्हणून दोन-चार किलोमीटरलाच. दाबलेला तळ उसळी मारून वर येतो आणि तिथेच थिजतो. लाव्हाशी संबंध नाही. उलट हा डोंगर म्हणजे खोलवरचा खडक फुकटात वर आलेला. चंद्रावरच्या कोपर्निकस विवराच्या मधल्या शिखरांवर ऑलिव्हिन हे खनिज दिसतं ते असंच.

मामी_घणसोली:
भूगर्भकाका, लोणारला आम्ही गेलो होतो तेव्हा गाइडने ५० हजार वर्षांपूर्वीचं सांगितलं होतं. तेच ना?

रच्याकने, खारघरच्या टेकड्या सॅटेलाइट नकाशावर अर्धगोल दिसतात, मधे सपाट. तेही विवर असेल का? आमच्या ह्यांनी पैज लावली आहे.

भूगर्भ (खारघर):
५० हजार हा आकडा ठाण मांडून बसलाय, कारण जुनं मोजमाप तसं आलं होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. आघातात वितळलेल्या खडकावरून काढलेलं आहे, मी तेच धरतो. मातीतल्या कार्बनवरून फार तर सरोवरातला गाळ कधी साचला ते कळतं, खड्डा कधी पडला ते नाही.

पैज ह्यांनी हरली. पावसाने आणि ओढ्यांनी कोरलेलं ते. नकाशावर गोल दिसणं हा पुरावा नाही, नाहीतर अर्धा सह्याद्री विवर ठरेल. धक्का खाल्लेलं खनिज दाखवा, मग बोलू.

फावला_वेळ:
लोकहो, विवरं मोजून जमिनीचं वय काढतात असं ऐकलंय. खडक हातात न घेता? पटत नाही.

खाडीकाठी (ठाणे):
सई, तुमच्या सात टक्क्यांना उत्तर आहे, आणि ते गच्चीवरून दिसतं!

नासाच्या एम्स केंद्रातल्या बंदुकीने डोनाल्ड गॉल्ट आणि जॉन वेडेकिंड यांनी १९७८ साली हेच केलं. वाळूवर सेकंदाला किलोमीटरांच्या वेगाने गोळ्या, कोन कमी कमी करत. विवर बराच वेळ गोलच राहतं. आधी बिघडतो तो उडालेला राडा: ज्या बाजूने गोळी आली तिकडे तो पडतच नाही. आणखी तिरकं केलं की राडा दोन्ही अंगांना फुलपाखराच्या पंखांसारखा पसरतो. १५ अंशांच्या खाली गेल्यावर कुठे विवर लांबट व्हायला लागतं. तुम्ही काढलेला १.७ किमीचा आकडा यातच बसतो. उभा धक्का ध्वनीवेगाच्याही खाली गेला, आणि गोळीचा वरचा भाग तर कापला जाऊन पुढेच निघून जातो.

चंद्रावर याचा नमुना म्हणजे फेकुंडिटाटिस समुद्रातली मेसिए आणि मेसिए ए ही जोडी. मेसिए लांबट, पूर्व-पश्चिम ताणलेलं. मेसिए ए त्याच्या पश्चिमेला, आणि तिथून पश्चिमेकडे शंभर किलोमीटरच्या वर दोन समांतर पांढरे पट्टे. पूर्वेकडून घासत आलेल्या दगडाचं काम.

आता मजा बघा. मेसिए साधारण ४८ अंश पूर्व रेखांशावर आहे. शुद्ध चतुर्थीला चंद्र सूर्यापासून ३६ ते ४८ अंश पुढे असतो, म्हणजे चंद्रावरची सूर्योदयाची रेषा ५४ ते ४२ अंश पूर्वेच्या दरम्यान. वद्य चतुर्थीला त्याच पट्ट्यात सूर्यास्ताची रेषा. लिब्रेशनमुळे, म्हणजे चंद्राच्या किंचित डुलण्यामुळे, थोडं मागेपुढे होतं, पण विनायकी असो की संकष्टी, मेसिए उजेड-अंधाराच्या सीमेजवळ असतं आणि सावल्या लांब पडलेल्या असतात. मी एवढी वर्षं संकष्टीला दुर्बीण लावतोय ती शेजारी जमतात म्हणून. या कारणासाठीही लावायला हवी होती!

विनायकीला संध्याकाळी सातच्या सुमारास चंद्र येऊरच्या डोंगरावर चांगला उंच असतो. संकष्टीला पारसिकच्या मागून उगवतो, पण तेव्हा जागरण. भाद्रपदातली चतुर्थी वगळा, त्या दिवशी चंद्र बघायचा नाही. तसाही त्या दिवसांत ठाण्यात तो दिसतोय कशाला.

मामी_घणसोली:
भाद्रपदाचं वाक्य आवडलं. आमच्याकडे तर श्रावणापासूनच पंचांगातली चंद्रोदयाची वेळ बघून जेवतो, समोर नवा टॉवर झाल्यापासून बारा महिने तेच.

सई_ऐरोली:
चतुर्थीचं गणित तपासलं, बरोबर आहे. एक तिथी म्हणजे बारा अंश, सोपंच होतं की. पण मेसिए एकच? सात टक्के म्हणजे हजारो हवीत.

भूगर्भ (खारघर):
आहेत. मंगळावर, शुक्रावर, चंद्रावर मोजणी झाली आहे, पाचेक टक्के लांबट निघतात. म्हणजे उंबरठा १५ पेक्षा थोडा खाली, १२ अंशांजवळ असावा. तुमचंच सूत्र वापरून बघा. जुनी लांबट विवरं नंतरच्या माऱ्याने पुसट झालेली असतात, मेसिए तरुण म्हणून ठसठशीत.

विवर गोल असूनही दिशा सांगणारे आणखी दोन: क्रिसियम समुद्राच्या पश्चिम कडेवरचं प्रोक्लस, त्याचे किरण, म्हणजे उडालेल्या राड्याचे पांढरे पट्टे, नैऋत्येला पडलेलेच नाहीत. आणि टायको. ८५ किलोमीटरचं विवर, पौर्णिमेला त्याचे किरण द्विनेत्रीतूनही दिसतात, पण पश्चिमेकडे मोकळी जागा आहे. चंद्रावर सावल्या बघायच्या तर अष्टमी, किरण बघायचे तर पौर्णिमा.

अवांतर: बॅरिंजर विवर वरून बघा, गोल नाही, चौकोनीकडे झुकलेलं आहे. कोनामुळे नव्हे, तिथल्या खडकात आधीच उभ्या-आडव्या भेगा होत्या म्हणून.

फावला_वेळ:
माझ्या प्रश्नाला वाटाण्याच्या अक्षता?

सई_ऐरोली:
@फावला_वेळ, मी देते उत्तर, चुकलं तर काका आहेतच. आमच्या ऑफिसच्या जिन्याचा कोपरा घ्या. पानाच्या पिचकाऱ्या किती आहेत ते मोजलं की भिंत रंगवून किती दिवस झाले ते कळतं. थुंकणाऱ्यांचा वेग ठरलेला असला पाहिजे, एवढीच अट.

भूगर्भ (खारघर):
हाहा, सई, वर्गात वापरायला हवं होतं. अट मात्र तीच कळीची. वेग ठरवायला वय आधीच माहीत असलेली एखादी भिंत लागते. ती अपोलोने दिली. ज्या जागेचे दगड आणले त्यांचं वय प्रयोगशाळेत काढलं आणि त्याच जागेची विवरं मोजली. अपोलो ११ चा बेसाल्ट साडेतीन अब्ज वर्षांच्या वरचा. त्यातून कळलं की सुरुवातीला मारा प्रचंड होता आणि मग झपाट्याने ओसरला. पण तीन अब्ज ते एक अब्ज या मधल्या काळातला दगडच नव्हता, तिथे वय आणि विवरांची संख्या जोडणारी वक्ररेषा अंदाजाने ओढलेली. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग'अ-५ ने आणलेले दगड सुमारे दोन अब्ज वर्षांचे निघाले आणि नेमके त्या फटीत बसले. मंगळ, बुध यांची वयं याच रेषेवरून गुणाकार-भागाकार करून काढतात. त्यामुळे ती ऐकताना थोडं सावध राहा.

आणि पिचकारीचे शिंतोडे विसरू नका! मोठ्या आघातातून उडालेले धोंडे लांब जाऊन स्वतःची छोटी विवरं करतात. मंगळावर झुनिल नावाचं जेमतेम १० किलोमीटरचं विवर आहे, त्याच्या शिंतोड्यांनी लाखो विवरं पडली. प्रत्येक शिंतोडा स्वतंत्र पिचकारी म्हणून मोजलात तर भिंत आहे त्यापेक्षा कितीतरी जुनी वाटेल. किलोमीटरच्या आतली विवरं मोजून कुणी ठाम वय सांगितलं की मी तरी भुवया उंचावतो. या विषयातले लोक यावरून अजून भांडतात.

फावला_वेळ:
आत्ता पटलं. मग जिथे एकही पिचकारी नाही तिथे?

भूगर्भ (खारघर):
गुरूचा आयो. आघाताचं एकही विवर सापडलेलं नाही, कारण ज्वालामुखी रोज रंगकाम करतात. शेजारच्या युरोपावर मोजकी, बर्फ तरुण. त्याच गुरूचा कॅलिस्टो मात्र विवरांनी खच्चून भरलेला, तिथे नवं पडलं की जुनं पुसतं. तीन चंद्र, एकच ग्रह, आणि तिघांच्या पृष्ठभागांची वयं इतकी वेगळी.

कोपरीकर:
शुक्रावर तर दाट हवा आहे. तिथे?

मामी_घणसोली:
हे मला माहितेय! शुक्रावर हजाराच्या आसपास विवरं आहेत, मोठ्यांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. एकाचं नाव जोशी, आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचं. माहेर कल्याणचं त्यांचं, म्हणजे ठाणे जिल्ह्याचीच लेक शुक्रावर. दुसरं मेधावी, ते पंडिता रमाबाईंचं. मुलीच्या प्रोजेक्टसाठी शोधलं होतं.

भूगर्भ (खारघर):
मामी, +१. आणि मंगळावर एका विवराचं नाव लोणार आहे. कोपरीकर, शुक्रावर दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान विवर सापडतच नाही, छोटे दगड हवेतच संपतात.

कोपरीकर:
ठीक, ज्वालामुखी मागे घेतला. आता कामाचं बोला. माझ्याकडे मुलाची ७० मिमीची दुर्बीण धूळ खात पडली आहे, ७०० मिमी नाभीयांतर, सोबत २५ आणि १० चे आयपीस. कोपरीत एवढे दिवे. मेसिए दिसेल का, की उगाच गच्चीवर डास चावून घ्यायचे?

खाडीकाठी (ठाणे):
दिव्यांची चिंता सोडा, चंद्राला काही फरक पडत नाही. मेसिए दहा-बारा किलोमीटरचं आहे, म्हणजे आकाशात सहा कोनीय सेकंद. ७० मिमीची दुर्बीण दोन सेकंदांपर्यंतचे तपशील वेगळे दाखवते, तेव्हा दिसेल, पण लहान. १० चा आयपीस लावा, ७० पट होईल. दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतील, त्यातला एक आडवा वाटला की तेच. आकार नीट कळायला माझ्या सहा इंचीतून दीडशे पट बघा, चालत याल एवढ्यावर तर आहात.

संकष्टीला चंद्र उगवल्या उगवल्या लावू नका, पारसिकवर हवा थरथरत असते. दोनेक तास थांबा, तीस अंश वर येऊ द्या. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तेव्हा दुर्बीण टाकीजवळच्या कठड्यापाशी ठेवा आणि अर्धा तास आधी बाहेर काढा. पांढरे पट्टे मात्र त्या दिवशी फिके असतात. ते बघायचे तर पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी या.

कोपरीकर:
विनायकीलाच येतो, साडेसातला. जागरण आता झेपत नाही. मुलालाही आणतो. १० चा आयपीस डब्यात आहे का ते बघून सांगतो.

सई_ऐरोली:
ऐरोलीहून पूल ओलांडून मी पण. कठड्यावर जागा ठेवा.